वहीपासून व्हॉट्सॲपपर्यंत: जरीपटक्याचा बाजार आणि गिऱ्हाइकाची ओळख

१/
४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले असता फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही माध्यमे एकाच वेळी बंद पडली आणि जवळजवळ सहा तास बंदच राहिली. घटस्थापना तीन दिवसांवर आली होती. ज्या दुकानदारांची मागणी फोनवरूनच येत असे, त्यांच्यापाशी त्या रात्री दुकान होते, माल होता, कारागीर होते. गिऱ्हाइकाशी बोलण्याचा मार्ग तेवढा नव्हता. हा थ्रेड त्या मार्गाच्या इतिहासाविषयी आहे.

२/
छोट्या व्यापाऱ्याने समाजमाध्यमांवर जाहिरात कशी करावी, याविषयी आज सल्ले उदंड आहेत. पोस्ट केव्हा टाकावी, रील किती सेकंदांची असावी, हे सारे शिकविले जाते. त्याआधीचा एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो: गिऱ्हाइकाची ओळख कोणाच्या ताब्यात असते? दुकानदाराच्या, की ज्याच्या जागेवरून तो हाक मारतो त्याच्या? हा प्रश्न इंटरनेटहून जुना आहे. तो समजून घेण्यास नागपुरातील जरीपटका ही वस्ती फार उपयोगी पडते. तेथील अनेक कुटुंबांच्या मागच्या पिढ्यांनी ही ओळख एकदा गमावून नव्याने उभी केली आहे.

३/
प्रथम नावाविषयी. जरीपटका म्हणजे मराठेशाहीचे जरीचे निशाण. सरदाराला ते मिळणे हा मोठा बहुमान समजला जाई. निशाणाच्या सोबतीला नगारा असे. डोळ्यांसाठी एक, कानांसाठी दुसरा. कोण येत आहे हे दूरवरून कळावे, हा दोहोंचा उपयोग. दुकानाची पाटी, कापडी पिशवीवरील छाप आणि फोनच्या पडद्यावरील लहानसे गोल चित्र यांच्याकडून व्यापारी आजही याच कामाची अपेक्षा करतो.

४/
जरीपटका ही वस्ती उत्तर नागपुरात, इंदोऱ्याच्या शेजारी आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची ती मोठी वसाहत. नागपूरचे जुने बाजार इतवारी, महाल, गांधीबाग आणि सीताबर्डी येथले. तेथे पिढ्यान् पिढ्यांच्या पेढ्या होत्या, ठरलेली गिऱ्हाइके होती. शहराच्या उत्तर टोकाला नव्याने वसलेल्या माणसांना मात्र गिऱ्हाइकाने आपल्याकडे का यावे, याचे उत्तर पहिल्या दिवसापासून द्यावे लागले.

५/
ही माणसे जेथून आली, तेथे त्यांची ओळख कशात साठविलेली होती? वहीत. सिंधी व्यापारी आपले हिशेब ‘हटवाणकी’ म्हणजे हाटातल्या, दुकानदारी लिपीत लिहीत. त्या लिपीत स्वरचिन्हे बहुधा गाळली जात. लिहिणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना ती वाचता येई. परक्याला ती वाचणे कठीण. कोणाकडे किती उधारी आहे, कोण वेळेवर देतो, कोणाच्या घरी लग्न आहे, हे सारे ज्ञान अशा रीतीने दुकानाच्या आतच राहत असे.

६/
येथे एक मराठी दुवा आहे. सिंध प्रांत १८४७ ते १९३६ या काळात मुंबई इलाख्याचा भाग होता. तेथील शिक्षण खात्यात काम केलेले नारायण जगन्नाथ वैद्य यांनी १८६८ च्या सुमारास या व्यापारी लिपीला स्वरचिन्हांची जोड देऊन तिचे सुधारित रूप शाळांसाठी प्रचारात आणण्याचा प्रयत्न केला. कराचीतील एक जुनी शाळा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. वहीची लिपी सर्वांना वाचता यावी, हा सरकारचा हेतू होता. व्यापाऱ्यांच्या दैनंदिन वह्या मात्र आपल्या जुन्याच वळणाने चालू राहिल्या.

७/
सिंधी व्यापाराच्या दोन मोठ्या परंपरा होत्या. पहिली शिकारपूरची. तेथील सावकारांच्या हुंड्या थेट मध्य आशियापर्यंत चालत. हुंडी म्हणजे कागदावर लिहिलेला शब्द. तो शब्द बुखाऱ्यात वटावा, यासाठी लिहिणाऱ्याची पत तेथपर्यंत पोहोचलेली असावी लागे. ही पत नातेवाईक, गुमास्ते आणि पत्रव्यवहार यांच्या जाळ्यातून पसरत असे. तिच्या प्रसाराचे साधन आणि तिची मालकी ही दोन्ही व्यापाऱ्यांच्याच हाती होती.

८/
दुसरी परंपरा हैदराबाद (सिंध) येथील. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकल्यावर तेथील दरबारी गिऱ्हाईक संपले. तेव्हा काही व्यापारी सिंधची कलाकुसर, म्हणजेच ‘सिंधवर्क’, घेऊन मुंबईत आले आणि तेथून परदेशी गेले. पुढे त्यांना ‘सिंधवर्की’ हेच नाव पडले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि युरोप व आशिया यांमधील जलमार्गावरील अनेक बंदरांत त्यांच्या दुकानांचा विस्तार होत गेला. इजिप्त आणि माल्टा येथेही ती होती.

९/
सिंधवर्की दुकानाची जागा विचारपूर्वक निवडलेली असे. जहाज थांबते, प्रवासी काही तासांसाठी उतरतो आणि घरी नेण्यासाठी एखादी वस्तू शोधतो. हे गिऱ्हाईक दुकानाने आणलेले नसे. जहाज कंपनीच्या वेळापत्रकाने आणलेले असे. जहाजे येत होती तोवर धंदा बरकतीत असे. युद्धात वाहतूक खंडित झाली की तेच दुकान ओस पडे. आज रीलवर येणारा प्रेक्षक याच जातीचा असतो. तो दुसऱ्याच्या वाटेवरून चाललेला असतो आणि क्षणभर दुकानापाशी थबकतो.

१०/
म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सिंधी व्यापाऱ्यांना दोन्ही प्रकारचे संबंध ठाऊक होते: वहीतील कायमचे गिऱ्हाईक आणि बंदरावरील वाटसरू. १९४७ ने पहिला प्रकार जवळजवळ पुसून टाकला. पंजाब आणि बंगाल यांची फाळणी झाली. सिंध मात्र संपूर्ण पाकिस्तानात गेला. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर हिंदू सिंधी कुटुंबांचे स्थलांतर झपाट्याने वाढले. कोणी जहाजाने मुंबईस आले, कोणी रेल्वेने राजस्थानमार्गे आले.

११/
सोबत काय आणता आले? दागिने, कपडे, थोडी रोकड, कौशल्य. वह्या आणल्या तरी त्यांतील ऋणको सीमेपलीकडे राहिले होते. पुढे भारत सरकारने विस्थापितांच्या दाव्यांसाठी १९५० चा कायदा आणि नुकसानभरपाई व पुनर्वसनासाठी १९५४ चा कायदा केला. दाव्यांच्या कायद्याचा भर स्थावर मालमत्तेवर होता. त्याखाली शहरातील घर किंवा दुकानाची इमारत यांबद्दल दावा मांडता येई. त्या दुकानात वीस वर्षे येणारे गिऱ्हाईक, बाजारातील पत आणि ओळखी यांना त्या अर्जात जागा नव्हती.

१२/
ही गोष्ट वर्तमानाशी ताडून पाहण्याजोगी आहे. आज एखाद्या व्यापाऱ्याचे इन्स्टाग्राम खाते बंद झाले वा चोरीस गेले, तर त्याला काय परत मागता येते? दुकानातील माल त्याचाच असतो, छायाचित्रेही बहुधा फोनमध्ये असतात. परंतु दहा हजार फॉलोअरांची यादी त्याच्याकडे नसते. ते लोक कोण, कोठले, त्यांचा फोन नंबर काय, हे त्याला ठाऊक नसते. व्यापारात सर्वांत अधिक श्रमाने मिळणारी वस्तू मोजदादीत धरलीच जात नाही, हे साम्य १९५० च्या त्या अर्जाशी आहे. फाळणीतील यातनांशी मात्र याची बरोबरी होऊ शकत नाही, हेही स्पष्ट असावे.

१३/
त्या काळी नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची आणि पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होती. मध्य व उत्तर भारतात या नवागतांना ‘निर्वासित’ याऐवजी ‘पुरुषार्थी’ म्हटले जाऊ लागले. अनेकांनी व्यापाराचा आरंभ गाठोड्यापासून केला. खांद्यावर कापडाचे गाठोडे, डोक्यावर टोपली, हातगाडी, मग फुटपाथ आणि त्यानंतर दुकान, असा हा क्रम भारतातील सिंधी वसाहतींत पुनःपुन्हा दिसतो. नफा कमी ठेवून खप वाढवावा, हे त्यांचे सूत्र होते.

१४/
फेरीवाल्याच्या व्यापाराकडे आजच्या भाषेत पाहिले, तर त्यात जाहिरातीची जवळजवळ सर्व अंगे आढळतात. ठराविक वेळी ठराविक गल्लीत जाणे म्हणजे सातत्य. ओळखू येणारी आरोळी म्हणजे बोधचिन्ह. माल दारात उलगडून दाखविणे म्हणजे प्रात्यक्षिक. उधारी देऊन पुढच्या आठवड्यात पुन्हा येणे म्हणजे संबंध टिकविणे. शेजारणीने शेजारणीला सांगणे म्हणजे प्रसार. यासाठी मराठी आणि नागपुरी हिंदी शिकावी लागली. कागदावर न लिहिलेली ही नवी वही घरोघरच्या दारांत तयार झाली.

१५/
याच शतकात महाराष्ट्रात आणखी एक प्रयोग झाला होता. त्याची येथे नोंद घेणे आवश्यक आहे, कारण त्यात उद्योजकाने स्वतःचेच माध्यम उभारले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनविला. पण लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. माल उत्तम असूनही खप होईना. नांगराची किंमत सांगून हा समज जाणार नव्हता. शेतकऱ्याशी दीर्घकाळ बोलत राहणे, हाच त्यावरचा उपाय होता.

१६/
१९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. आरंभी त्याचे स्वरूप कारखान्याच्या वार्तापत्राचे होते. हळूहळू त्यात शेती, उद्योग, समाजसुधारणा आणि साहित्य यांचा समावेश होत गेला. पुढे तेच ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून महाराष्ट्रभर वाचले जाऊ लागले आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ हे भावंड मासिकही निघाले. आज ज्यास ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणतात, त्याचे हे अस्सल मराठी उदाहरण होय. त्याचे बळ वर्गणीदारांच्या यादीत होते. नाव आणि पत्त्यासह ती यादी कचेरीतच असे.

१७/
परंतु मासिक काढणे हे किराणा, कापड किंवा फरसाण विकणाऱ्या दुकानदाराच्या आवाक्यातले काम नव्हते. त्याने भिंतीवरची जागा मिळविली. दिवाळीला वाटलेली दिनदर्शिका वर्षभर गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात दुकानाचे नाव मिरवीत असे. १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ निघाले आणि मराठी घरांत छापील दिनदर्शिकेचे स्थान अधिकच पक्के झाले. दुकानाचे नाव छापलेली पिशवी, लग्नसराईतील हँडबिले, रिक्षावरील भोंगा ही याच घराण्यातील साधने होत.

१८/
यापुढची पायरी म्हणजे वृत्तपत्र. नागपुरात ‘हितवाद’ १९११ पासून आणि ‘लोकमत’ दैनिक १९७१ पासून निघत आहे. येथे जागा भाड्याने मिळे आणि तिचा दर छापलेला असे. १९९० च्या दशकात केबल आली. स्थानिक वाहिनीवर चित्रपट चालू असताना पडद्याच्या तळाशी दुकानाच्या जाहिरातीची पट्टी सरकू लागली. वाचक वृत्तपत्राचा होता आणि प्रेक्षक केबलवाल्याचा. तरीही व्यवहार सरळ होता: इतके पैसे, इतकी जागा, इतके दिवस. पैसे दिलेली जाहिरात सर्वांच्या अंकात छापली जाई.

१९/
नोव्हेंबर २००७ मध्ये फेसबुकने व्यवसायांसाठी पानांची सोय केली. इन्स्टाग्राम २०१० मध्ये आले. भारतातील छोट्या शहरांतील बाजारांत या माध्यमांचा खरा प्रसार मात्र सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाल्यावर झाला. त्याच वर्षी यूपीआय आले आणि ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीने व्यापाऱ्यास फोनवरून पैसे स्वीकारण्याकडे ढकलले. जाहिरात, मागणी आणि वसुली ही तिन्ही कामे एकाच यंत्रात आली. गल्ल्यावर बसणाऱ्याच्या हातात पाटी, वही आणि पेटी एकत्र आली, असे म्हणता येईल.

२०/
आरंभी ही जागा फुकट होती. पानाला ज्यांनी पसंती दिली, त्यांच्यापैकी पुष्कळांना पोस्ट दिसे. मार्च २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने पोस्ट काळानुक्रमे दाखविण्याऐवजी आपल्या गणितानुसार क्रम लावण्याचे जाहीर केले. ११ जानेवारी २०१८ रोजी फेसबुकने मित्र आणि कुटुंबीय यांच्या पोस्टना अग्रक्रम देण्याचे ठरविले. परिणामी व्यवसायांच्या पोस्ट मागे पडणार होत्या. आपल्याच गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचण्यासाठी पैसे भरून पोस्ट ‘बूस्ट’ करणे आता ओघानेच आले. या भाड्याचा दर छापलेला नसतो; तो प्रत्येक वेळी लिलावाने ठरतो.

२१/
याच महिन्यातील दुसरी घटना पाहावी. १८ जानेवारी २०१८ रोजी, म्हणजे अवघ्या आठवड्याने, व्हॉट्सॲपने छोट्या व्यापाऱ्यांसाठी ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ हे मोफत ॲप काही देशांत आणले आणि त्याच महिन्यात ते भारतातही आले. व्हॉट्सॲप २०१४ पासून फेसबुकच्याच मालकीचे होते. एका दारावर भाडे वाढत असताना त्याच मालकाने शेजारचे दुसरे दार फुकट उघडले. दुकानाचा पत्ता, वेळ, ठराविक उत्तरे, गिऱ्हाइकांवर लावण्याच्या खुणा आणि २०१९ च्या अखेरीस मालाची सचित्र सूची, असे त्याचे स्वरूप होते.

२२/
व्हॉट्सॲपमधील एक लहानशी अट या इतिहासात फार महत्त्वाची आहे. ब्रॉडकास्ट यादीत २५६ पर्यंत नंबर ठेवता येतात. पण संदेश त्यांनाच पोहोचतो, ज्यांनी पाठविणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे. विकत आणलेली नंबरांची यादी येथे निरुपयोगी ठरते. गिऱ्हाइकाने दुकानदाराला नावानिशी आपल्या फोनमध्ये जागा द्यावी लागते. जुन्या व्यापारात यालाच पत म्हणत. फरक इतकाच की पूर्वी गिऱ्हाइकाचे नाव दुकानाच्या वहीत असे. आता दुकानाचे नाव गिऱ्हाइकाच्या वहीत असावे लागते.

२३/
जरीपटक्यासारख्या बाजारात हे नाव टिकविण्यासाठी दुकानदाराला अनेक पंचांगे सांभाळावी लागतात. चैत्रात गुढीपाडवा आणि चेटीचंड लागूनच येतात. शेजारच्या इंदोऱ्यामुळे १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीची खरेदी येते. पुढे पोळा, नवरात्र, धम्मचक्र प्रवर्तन दिन, दिवाळी, लग्नसराई. गिऱ्हाईक सिंधी, हिंदी आणि मराठी बोलणारे. म्हणून येथील व्यापाऱ्याला एकाच स्टेटसने सर्वांना शुभेच्छा देऊन चालत नाही. कोणत्या घरात कोणता सण, हे ज्याला ठाऊक, त्याचाच संदेश कामी येतो. आणि हे ज्ञान कोणतेही ॲप विकत देत नाही.

२४/
२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. पाडवा आणि चेटीचंड नेमके त्याच आठवड्यात आले होते. शटर खाली, रस्ते ओस. त्या काळात ज्यांच्या फोनमध्ये गिऱ्हाइकांचे नंबर होते, त्यांना निदान विचारपूस करता आली आणि परवानगी मिळेल तेव्हा घरपोच माल पाठविता आला. ज्यांचा सारा धंदा रस्त्यावरील वर्दळीवर चाले, त्यांना तोही आधार नव्हता. बंदरावर जहाज थांबले नाही की सिंधवर्की दुकानाचे जे होई, तेच येथे झाले.

२५/
तीन महिन्यांनी दुसरा धडा मिळाला. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. बंदीची कारणे राष्ट्रीय सुरक्षेची होती आणि तो सर्वस्वी निराळा विषय आहे. परंतु महाराष्ट्रातील गावोगावच्या ज्या तरुणांनी तेथे प्रेक्षकवर्ग मिळविला होता, त्यांचा तो वर्ग अकस्मात नाहीसा झाला. जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात ‘रील्स’ सुरू केले आणि अनेकांनी तेथे शून्यापासून आरंभ केला. प्रेक्षकांना सोबत नेण्याची काहीही सोय नव्हती.

२६/
समाजमाध्यमाच्या सामर्थ्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण नागपूरचेच आहे. सदर भागात चहाची टपरी चालविणारे ‘डॉली चायवाला’ आपल्या वेशामुळे आणि दूध उंचावरून ओतण्याच्या शैलीमुळे गाजले. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी बिल गेट्स यांनी त्यांच्यासोबतची चित्रफीत प्रसिद्ध केली. तिचे चित्रण हैदराबादेत झाले होते आणि समोरची व्यक्ती कोण, हे आपणास तेव्हा ठाऊक नव्हते, असे डॉली यांनी नंतर सांगितले. २०२५ मध्ये त्यांनी आपल्या नावाने शाखा देण्याची योजना जाहीर केली.

२७/
या यशामागे वर्षानुवर्षांचे सादरीकरण आहे. ते हिणविण्याचे कारण नाही. मात्र सर्व छोट्या व्यापाऱ्यांनी त्याचे अनुकरण करावे, असा जो सल्ला दिला जातो, तो तपासून घ्यावा लागतो. टपरीवर चित्रफीत काढण्यासाठी दूरवरून येणारा माणूस एकदा येतो. साडीच्या किंवा पापडाच्या दुकानाला तेच घर वर्षातून सहा वेळा यावे लागते. प्रसिद्धी बंदरावरची गर्दी आणते. तिच्यातून वहीतील गिऱ्हाईक घडविणे हे वेगळे काम आहे आणि बहुतेक दुकाने त्यावरच जगतात.

२८/
जुन्या बाजारातील एक खोड मात्र नव्या माध्यमात जशीच्या तशी आली आहे. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवीत, म्हणजे भोवतालच्यांना आकडा कळू नये. आज छायाचित्राखाली ‘किंमत इनबॉक्समध्ये’ असे लिहिले जाते. यात विक्रेत्याची सोय असते. पण नव्या गिऱ्हाइकाच्या मनात प्रत्येकास भाव वेगळा असल्याची शंका येते. गाठोडे दारात उलगडून भाव मोकळेपणाने सांगणाऱ्या फेरीवाल्यांनी कमी नफ्यावर जो विश्वास मिळविला, त्याच्या अगदी उलट हे वळण आहे.

२९/
कायदाही हळूहळू या बाजारात उतरला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दंडाची तरतूद झाली. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवरील प्रचारकांसाठी मार्गदर्शिका काढली: पैसे वा भेटवस्तू घेऊन शिफारस केली असेल, तर ती जाहिरात आहे हे सहज दिसेल असे सांगावे. गिऱ्हाइकाची माहिती कशी बाळगावी, यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्यात संमतीला मध्यवर्ती स्थान आहे.

३०/
दुसरीकडे फुकटचे दारही हळूहळू आकुंचन पावत आहे. छोट्या दुकानाचे मोफत ॲप चालू आहे. मात्र मोठ्या प्रमाणावर संदेश पाठविणाऱ्यांसाठी असलेल्या सशुल्क व्यवस्थेत १ जुलै २०२५ पासून आकारणी संभाषणामागे न होता संदेशामागे होऊ लागली. फेसबुकच्या पानांचा २००७ ते २०१८ हा प्रवास ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या दिशेचे आश्चर्य वाटू नये. जागा देणारा कधीतरी भाडे मागणारच. वृत्तपत्रही मागतच होते. त्यामुळे भाडे देऊन काय मिळवायचे, हे व्यापाऱ्याने आधी ठरविले पाहिजे.

३१/
इतिहासातून तीन प्रकारचे संबंध दिसतात. पहिला सिंधवर्कींचा: दुसऱ्याच्या वाटेवर दुकान मांडणे. रील त्यात मोडते. दुसरा वृत्तपत्राचा: पैसे देऊन जागा घेणे. बूस्ट केलेली पोस्ट त्यात मोडते. तिसरा वहीचा, फेरीवाल्याचा आणि ‘किर्लोस्कर’च्या वर्गणीदारांचा: नावानिशी ओळख. पहिले दोन प्रकार त्याज्य नाहीत. सिंधवर्कींनी त्यावरच मोठे व्यापार उभारले. परंतु पहिल्या दोहोंतून आलेला माणूस तिसऱ्यात आणला गेला नाही, तर प्रत्येक सणाला तोच खर्च पुन्हा करावा लागतो.

३२/
म्हणून जरीपटक्यातील असो वा अन्य कोणत्याही बाजारातील असो, छोट्या दुकानाला या इतिहासावरून काही साध्या गोष्टी करता येतात. बिल देताना गिऱ्हाइकाची संमती घेऊन नाव, नंबर आणि आवड एका वेगळ्या नोंदवहीत उतरवावी. ती कागदाची असली तरी चालेल. दुकानाचा नंबर त्याच वेळी जतन करण्यास सांगावे. रीलमध्ये दुकानाचा पत्ता आणि किंमत स्पष्ट द्यावी. नकाशावर दुकानाची नोंद करावी. आणि महिन्यातून एकदा त्या यादीची प्रत फोनबाहेर काढून ठेवावी.

३३/
४ ऑक्टोबर २०२१ ची ती रात्र संपली आणि पहाटेपर्यंत तिन्ही माध्यमे पूर्ववत होऊ लागली. नवरात्राचा व्यापार झाला, लोक ती घटना विसरले. सहा तास हा काळ अल्प होता. परंतु त्या सहा तासांतही साधा फोन चालू होता, एसएमएस जात होते. गिऱ्हाइकांचे नंबर ज्याच्यापाशी लिहिलेले होते, त्याला त्या रात्रीही मागणी विचारता येत होती.

#इतिहास #नागपूर #जरीपटका #थ्रेड